बुधवारची भाषा

थोरली ज्या शाळेत शिकली ती शाळा तिनं स्वतःच बांधली होती. वयाच्या बाविसाव्या वर्षी, कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. बाकीचे कामगार डबे उघडून आपापल्या शाळेच्या गप्पा मारायला लागले की हिलाही काहीतरी बोलणं भाग पडे. म्हणून तिनं आधी भूगोलाचे एक मास्तर तयार केले, मग त्यांच्या हातात डस्टर दिलं, मग ते मागच्या बाकावर फेकायला लावलं. पुढच्या आठवड्यात शाळेला गळकं छप्पर घातलं. वर्षभरात मैदान आलं, घंटा आली, एक खाष्ट मुख्याध्यापिका आली, आणि थोरली सातवीत कॉपी करताना पकडलीसुद्धा गेली. कुणाला तिळभर संशय आला नाही. खऱ्या शाळेत गेलेल्या माणसांना तरी काय आठवत असतं? डस्टर आणि छप्परच. दहा-बारा वर्षं बाक झिजवून एवढंच पदरात पाडून घेतलेल्या त्या लोकांची थोरलीला कीव यायची. आणि हेवाही वाटायचा. आणि असल्या लोकांचा आपल्याला हेवा वाटतो याची लाज वाटायची ती वेगळीच.

खरी गोष्ट अशी की तिनं शाळेची पायरी कधी चढलेलीच नव्हती. ती घरी शिकली. तिच्या बाबांना मात्र 'शिकली' म्हटलेलं चालायचं नाही. त्यांच्या मते ती 'मोकळी वाढली'. बाबांना साधे शब्द कधी पुरलेच नाहीत.

एकोणीस वर्षं थोरलीची ती शाळा विनातक्रार चालली. मग एक सरकारी पत्र आलं आणि शाळेला कुलूप लागायची वेळ आली.

पत्र मालकांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मालक म्हणजे भुवयांवर कायम प्लॅस्टरची पूड बसलेला म्हातारा. तो शिंकला की टेबलावर पांढरा थर बसायचा. पत्रात होतं की यापुढे कवळी बनवणाऱ्या प्रत्येकाला परवाना हवा, परवान्यासाठी परीक्षा, आणि परीक्षेला बसायचं तर शाळा सोडल्याचा दाखला. दाखला देण्याची मुदत महिनाअखेरपर्यंत. नाही दिला, तर पुढची परीक्षा दोन वर्षांनी, आणि तोवर कवळीला हात लावायचा नाही.

"तुला काय," मालक थोरलीला म्हणाले, "दाखला आणून टाक की झालं. तुझ्याशिवाय इथं वरचा जबडा धडपणे लावतंय कोण?"

"आणते," थोरली म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? आमच्या शाळेचं छप्पर गळून गळून दाखले भिजले म्हणून?

वरच्या जबड्याचं मात्र मालक खरं बोलले होते. थोरलीनं लावलेली कवळी घातलेला माणूस हसला की तो आपला वाटे. इतरांनी लावलेल्या कवळ्यांमधून सगळी गिऱ्हाइकं एकाच माणसासारखी हसायची. ती दात मुद्दाम जरासे वाकडे लावायची, डावा सुळा केसभर पुढे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी तिनं गुलाबी पावडर आणि द्रव तीनास एक प्रमाणात बिनचूक मिसळले होते, निम्म्या कवळीसाठी निम्मं, पाऊण साच्यासाठी पाऊण. मालक बघतच राहिले होते. थोरलीनं ते आपल्या उपजत हुशारीच्या खात्यावर टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती परवाना कचेरीच्या खिडकीशी गेली. दाखला नाही म्हटल्यावर खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "शाळा बंद पडली का?"

"शाळा नव्हतीच. घरी शिकले."

कारकुनानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती जंगलात लांडग्यांकडे वाढली होती. मग त्यानं खालच्या खणातून एक कोरा फॉर्म काढून फुंकर मारली. घरी शिकलेल्यांसाठी वेगळा फॉर्म होता: विषय कोणते, दर आठवड्याला किती तास, आणि खाली सही. "पालकांची सही आणा," तो म्हणाला. "आणि विषय नीट लिहा. मागं एकानं 'निसर्ग' लिहून आणला होता. परत पाठवला."

मुदतीला नऊ दिवस उरले होते. थोरलीनं फॉर्मची घडी करून पिशवीत टाकली आणि कचेरीपासून लॅबपर्यंत सगळा रस्ता एकाच माणसाच्या नावानं बोटं मोडली.

तो माणूस समुद्रापलीकडून आला होता. सहा महिन्यांसाठी आला आणि जन्मभर राहिला. टपाल कचेरीत पत्रं निवडून खणांत टाकणारी एक मुलगी त्याला आवडली. तिच्याशी लग्न केलं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यानं आपला प्रयोग मांडला. पोटापाण्यासाठी तो पाण्याच्या पंपांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करायचा. पण ते कुणी विचारलं तरच सांगायचा. न विचारता सांगायचा तो प्रयोग: दोन देशांची, दोन भाषांची, कुठल्याही शाळेनं न बिघडवलेली दोन मुलं. थोरली आणि धाकटा.

प्रयोगाचा पाया होता वारांचा नियम. सोमवार, बुधवार, शुक्रवार बाबांची भाषा, मंगळवार, गुरुवार, शनिवार आईची, रविवारी सुटका. ज्या वारी जी भाषा नाही, त्या वारी त्या भाषेत बोललेलं घरात कुणाला ऐकू येत नसे. बाबा ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत. छे, ते तर पुढारलेले गृहस्थ! ते फक्त खिडकीबाहेर बघायचे, चेहऱ्यावर तेच गोड हसू ठेवून, तुम्ही योग्य भाषेत बोलेपर्यंत. मार परवडला असता. धाकट्यानं तर एक अख्खा शुक्रवार तहानलेला काढला होता, कारण बाबांच्या भाषेतलं 'पाणी' त्याला येत होतं पण तो हट्टाला पेटला होता. सोळाव्या वर्षी तो बोटीवर खलाशी म्हणून गेला तो गेलाच. वर्षातून एक कार्ड पाठवतो, तेही तिसऱ्याच भाषेत.

आईला बाबांची भाषा कधी नीट आली नाही. त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस ती गप्प असायची. शुक्रवारी प्रयोग बघायला पाहुणे यायचे, मुद्दाम शुक्रवारीच, म्हणजे मुलं परक्या भाषेत फाडफाड बोलताना दिसावीत. झोळ्या अडकवलेल्या बायका, दाढीवाले प्राध्यापक, स्वतःची मुलं उत्तम शाळेत घातलेले विचारवंत. चहा-बिस्किटं हाणत ते मोठ्या खोलीत बसायचे आणि बाबा म्हणायचे, "विचारा, काहीही विचारा मुलांना." मग थोरली शेवाळाचे अकरा प्रकार सांगायची. पाहुणे माना डोलवायचे. जाता जाता स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून आईला म्हणायचे, "किती शांत आहात हो तुम्ही! घराचं सगळं वातावरणच तुमच्यामुळे आहे." आई मान हलवायची. शुक्रवार होता; ती दुसरं काय करणार?

बाहेर या मुलांना कुणी आपलं मानलं नाही. बाबांच्या माणसांकडून दरवर्षी लोकरीचे हातमोजे यायचे, नेहमी एक नंबर लहान. आईच्या माणसांकडे गेलं की मावशा, माम्या आपसांत कुजबुजायच्या, "घरी ठेवलेली ती हीच का?" जणू घरी ठेवलेली म्हणजे आजारी. थोरलीला रांगेत उभं राहणं तेविसाव्या वर्षी जमलं. मुळाक्षरांच्या क्रमानं फायली लावणंही तिनं लॅबमध्येच चोरून शिकून घेतलं. तिच्या लेखी घरानं तिला दिलं काय, तर शेवाळ.

आणि एक तुटका दात.

ती नऊ वर्षांची होती. जिन्याच्या कठड्यावरून घसरताना तोंडावर आपटली आणि समोरचा दात अर्धा तुटला. तोंड रक्तानं भरलेलं, तशीच ती धावत बाबांच्या टेबलाशी गेली आणि आईच्या भाषेत रडत म्हणाली, "दात तुटला!" बुधवार होता. बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात टॉवेल घेऊन उभी होती. थोरलीला बाबांच्या भाषेतला दात येत होता, रोजच्या वापरातला होता, पण त्या क्षणी तो काही केल्या जिभेवर येईना. ती रडत राहिली, फरशीवर थेंब पडत राहिले, आणि बाबा हसऱ्या चेहऱ्यानं समोरच्या गच्चीवरची कबुतरं बघत राहिले. शेवटी तो शब्द आला. मग बाबांनी तिला उचलून मांडीवर घेतलं, मुके घेतले, डॉक्टरकडे नेलं. पुढची तीस वर्षं ही हकीकत ते व्याख्यानांत सांगत आले: वेदनेनंच मुलीला शब्द कसा दिला, आणि आपण किती संयम ठेवला. या जागी टाळ्या पडतात.

थोरलीच्या तोंडात आता त्या जागी खोटा दात आहे. तिनंच बनवलेला. इतका बेमालूम, की डॉक्टरलाही सांगावं लागतं.

आठवडा गेला तरी तिचे पाय बाबांच्या घराकडे वळले नव्हते. मग मंगळवारी लॅबमध्ये आईचा फोन आला. "बाबांची कवळी पडून मोडली," ती म्हणाली. "मधोमध. शनिवारी त्यांचा सत्कार आहे."

"कसला?"

"शिक्षक तयार करायचं कॉलेज आहे ना, ते मानपत्र देणार आहेत."

थोरलीला हसू फुटलं, ते हसू तिलाच कडू लागलं. जन्मभर शाळेच्या नावानं खडे फोडले, आणि आता मास्तरांच्याच हातून चौकटीतला कागद घ्यायला निघाले. त्यातही दातांशिवाय! ती मनाशी म्हणाली, देवच पावला. आधी सही, मग दात.

"उद्या येते सगळं सामान घेऊन," ती म्हणाली.

"उद्या बुधवार आहे," आई म्हणाली.

"असू दे की. मी काय नऊ वर्षांची आहे?"

बुधवारी दुपारी ती तीन जिने चढून गेली. हातात सामानाची पेटी: मेण, प्लॅस्टर, गुलाबी पावडर, द्रवाची बाटली, हातात धरायचं छोटं घासयंत्र. दार आईनं उघडलं. मोठी खोली होती तशीच होती. खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलाशी बाबा. एकोणऐंशी वर्षांचे बाबा तोंडापुढे रुमाल धरून बसले होते. वरचा ओठ आत गेलेला, नाक आणि हनुवटी एकमेकांच्या भेटीला निघालेली. हजार माणसांपुढे बोलणारा माणूस आपल्याच मुलीला तोंड दाखवत नव्हता.

थोरलीनं जिन्यातच ठरवलं होतं की आज आईच्याच भाषेत बोलायचं. "कवळी बघू," ती म्हणाली, आईच्या भाषेत, ठणकावून.

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

ती दोन मिनिटं उभी राहिली. एक्केचाळीस वर्षांची बाई, जिच्या हाताखाली चार माणसं काम करतात, पेटी घेऊन उभी. मग तिनं तेच वाक्य बाबांच्या भाषेत म्हटलं. बाबांनी लगेच मान वळवली, रुमालामागून गोड हसले आणि कागदात गुंडाळलेले दोन तुकडे पुढे केले. थोरलीला बाबांचा आला नाही एवढा स्वतःचा राग आला.

स्वयंपाकघर आणि मोठी खोली यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसती कमान होती. तिनं ओट्याशेजारच्या टेबलावर काम मांडलं. दोन्ही तुकडे घासून धुतले, पुसले, फटीला फट मिळवून धरले. "धर," ती आईला म्हणाली. आईनं दोन बोटांत तुकडे धरले, जराही न हलवता, आणि थोरलीनं वितळलेल्या मेणाचे थेंब सोडून ते जोडले. मग टाळूच्या बाजूनं प्लॅस्टर ओतलं. ते घट्ट झाल्यावर मेण काढून, भेगेच्या दोन्ही कडा घासून उतरत्या करायच्या, पावडर आणि द्रव भरायचा, आणि कोमट पाण्यात ठेवून द्यायचं. घाई केली की कवळी पुन्हा तिथंच मोडते.

प्लॅस्टर सुकत असताना ती फॉर्म घेऊन बाबांपुढे गेली आणि सगळं सांगितलं. लॅब, परीक्षा, मुदत. सही नसेल तर दोन वर्षं लॅबमध्ये झाडू मारावा लागेल, हेही सांगितलं.

बाबांनी फॉर्म हातभर लांब धरून वाचला. "तास?" ते म्हणाले. दातांशिवाय त्यांचे शब्द ओल्या कागदासारखे फाटत होते. त्यांच्या भाषेतला निम्मा माल दातांच्या फटीतूनच बाहेर पडतो. "मी कधी तास मोजले? तुमचं सगळं जगणंच शिक्षण होतं."

"तसं लिहून चालत नाही. गणित लिहा, भाषा लिहा, चार-चार तास लिहा."

"खोटं लिहू?"

"सही कुणाची हवी आहे?" आईनं स्वयंपाकघरातल्या टेबलाजवळून विचारलं.

"खोटं कसलं!" थोरली बाबांना म्हणाली. "काहीतरी शिकवलंच असेल ना? का शेवाळच?"

"मी तुला मोजमापातून सोडवलं," बाबा म्हणाले. रुमाल आता खाली आला होता; व्याख्यानाचा सूर लागला की त्यांना कशाचंच भान राहत नाही. "आणि तू स्वतः होऊन त्यांच्या तराजूत जाऊन बसतेस? तुझे हात हाच तुझा दाखला आहे."

"मी वाचू का तो कागद?" आई म्हणाली.

"माझे हात दाखला, आणि तुम्हाला मात्र मानपत्र?" थोरलीचा आवाज चढला. "शनिवारी कशाला निघालात मिरवायला? तेही मास्तरांच्या कॉलेजात! त्यांना सांगा की माझं तोंड हाच माझा दाखला. बघू किती टाळ्या पडतात ते."

हे बाबांना लागलं. त्यांनी रुमाल पुन्हा तोंडाशी नेला. "ते माझा विचार गौरवतायत," ते म्हणाले. "तो वेगळा विषय आहे."

"कुठून वेगळा?"

"मी करते सही," आई म्हणाली.

"तुम्हाला माझं नाक कापलेलं चालेल," थोरली म्हणाली, "पण तुमच्या विचाराला धक्का लागता कामा नये. दात तुटला तेव्हाही तेच. बाकी कुणाचं काय होतंय, तुम्हाला कधी दिसलंय?"

बाबांनी टेबलावरचं पेन उचललं. क्षणभर तिला वाटलं, जिंकले. त्यांनी विषयांच्या रकान्यात बाकदार अक्षरात एकच शब्द लिहिला आणि फॉर्म तिच्याकडे सरकवला. शब्द होता: जीवन. खाली सही केली नव्हती. "याच्यावर हो म्हणत असतील तर करतो सही," असं म्हणून ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. त्या 'निसर्ग'वाल्याच्या शेजारी आता आपलाही फॉर्म कचेरीच्या खणात पडणार, हे थोरलीला स्पष्ट दिसलं.

ती स्वयंपाकघरात येऊन बसली. हात चालवावे म्हणून मेण खरवडलं, भेगेच्या कडा घासल्या, पावडर टाकून द्रवाचे थेंब सोडले. द्रवाचा उग्र वास सगळीकडे पसरला. कवळी कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवून ती आईला म्हणाली, "कवळी परत मोडून टाकावीशी वाटते." ती अजून बाबांच्याच भाषेत बोलत होती. लक्षात आलं तसं तिनं तेच आईच्या भाषेत म्हटलं.

आई हात पुसत होती. तिनं फॉर्म घेतला, चष्मा लावला आणि वाचला. वरपासून खालपर्यंत, पत्रं निवडणाऱ्या बाईच्या सवयीनं, एकही ओळ न गाळता. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तिनं फॉर्म थोरलीपुढे धरला.

"इथं 'शिकवणाऱ्या पालकाची सही' असं लिहिलंय," ती म्हणाली. "वडलांची कुठं म्हटलंय?"

थोरलीनं वाचलं. आठ दिवसांत तिनं तो फॉर्म वीसदा तरी वाचला असेल. कारकूनही नुसतं पालकच म्हणाला होता.

"मघाशी तीनदा म्हणाले मी," आई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "तुम्ही दोघं बोलत होतात."

तीनही वाक्यं थोरलीच्या कानांवर आली होती, आता एकेक करून आठवलीही. बुधवारी आईच्या भाषेत काही बोललं गेलं की ते ऐकायचं नसतं, हे तिच्या कानांना कुणी सांगावं लागत नव्हतं. बाबांच्या त्या खिडकीबाहेर बघण्याला ती जन्मभर नावं ठेवत आली, आणि स्वतः तेच करत आली. खिडकीसुद्धा लागली नाही तिला.

"पण आई, तास लिहावे लागतात, विषय लिहावे लागतात. ते कुठून आणायचे?"

आई स्टुलावर चढली. कपाटाच्या वरून तिनं नाडीनं बांधलेली एक जाड गुंडाळी उतरवली. भिंतीवरची जुनी कॅलेंडरं होती, सोळा वर्षांची. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक, सरळ अक्षर: टपालाच्या खणात पत्र बसावं तसं. थोरलीनं एक पान उघडलं. 'थोरली, अपूर्णांक, एक तास. जमले नाहीत. उद्या परत.' दुसऱ्या दिवशी, 'अपूर्णांक. जमले नाहीत. उद्या परत.' असे अकरा चौकोन. सोमवार, बुधवार, शुक्रवारही सुटलेले नव्हते. बाराव्या दिवशी, 'पाऊण आणि अर्धा. जमले. सफरचंदं संपली.'

"हे... तू शिकवलंस?"

"अपूर्णांकाला कुठं बोलावं लागतं?" आई म्हणाली. "सफरचंद कापायचं आणि पुढं ठेवायचं."

आठवलं. याच टेबलावर सुरी, पाट, आणि काही न बोलता फोडी मांडणारी आई. थोरलीला वाटायचं, आई खायला देतेय.

ती पानं उलटत गेली. वाचन, दीड तास. बेरीज. नकाशा. धाकटा, पाढे, रडला. दर शुक्रवारच्या चौकोनात धड्याखाली आणखी एक ओळ होती: 'पाहुणे. बाबा.' सोळा वर्षांत बाबांचं नाव दुसऱ्या कुठल्या वारी दिसलं नाही. थोरली हसली, मोठ्यानं आणि वाईट हसली. मग स्वतःच्या नवव्या वर्षाचं कॅलेंडर तिनं ओढून काढलं. तो बुधवार शोधायला वेळ लागला नाही. त्या चौकोनात विषय नव्हता, तास नव्हते. नुसतं होतं: 'थोरलीचा दात. मला ऐकू आलं होतं.'

भांड्यातल्या पाण्यावर वाफ होती.

"मग बोलली का नाहीस?" थोरलीनं विचारलं. "टॉवेल घेऊन उभी होतीस तू. चार पावलं तर होती."

"बुधवार होता," आई म्हणाली. मग म्हणाली, "चुकलं माझं. तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर लिहून ठेवलं."

थोरलीला संताप आला; आणि आला तेव्हा कळलं की आईवर संतापण्याची ही तिची पहिलीच वेळ. एवढी वर्षं सगळे शिव्याशाप बाबांना वाहिले. आईला तिनं रागावण्याइतकंही कधी मोजलं नव्हतं. पाहुणे निदान दारातून डोकावून 'शांत आहात' तरी म्हणायचे.

"दे पेन," आई म्हणाली. फॉर्ममधला 'जीवन' तिनं एका सरळ रेघेनं खोडला आणि शेजारी 'गणित' लिहिलं. मग पहिलं कॅलेंडर पुढे ओढून आठवड्याचे तास बोटांवर मोजायला लागली.

थोरलीनं कवळी पाण्यातून काढली. सांधा पक्का बसला होता. घासून, पॉलिश करून तिनं ती अंगठ्यानं चाचपली. भेग कुठं होती ते तिलाही सापडेना. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. बाबांना दातांवाचून स्वतःची भाषा जड जात असावी, किंवा बायकोला हाक मारायची तर ती तिला कळेल अशीच मारावी, एवढं आज कळलं असावं. हाक चक्क आईच्या भाषेत होती, बोबडी, पण स्वच्छ ऐकू येणारी.

"अगं, ऐकतेस का? झाले का दात?"

थोरली सवयीनं उठली. कवळी हातात घेऊन ती कमानीपर्यंत पोचलीसुद्धा.

"अगं, ऐकतेस का?"

आईनं मान वर केली नाही. तिनं खिडकीबाहेरही पाहिलं नाही; ती फॉर्मच बघत होती.

"बस खाली," ती थोरलीला म्हणाली. "बुधवार आहे." आणि पुढच्या रकान्यात तिनं तासांचा आकडा लिहायला घेतला.